हडप्पाची वीट आणि लेगोची वीट

गेल्या दिवाळीत मुर्रीच्या घरी हडप्पाच्या भिंतीचे चित्र पाहून भाच्याने विचारले, “मामा, हे लेगो आहे का?” प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

हडप्पाकालीन विटेची उंची, रुंदी व लांबी यांचे प्रमाण १:२:४. दोन विटांची रुंदी म्हणजे एकीची लांबी; त्यामुळे एक थर लांबीने, पुढचा रुंदीने रचता येतो, खालचा सांधा वरच्या विटेखाली झाकला जातो आणि भिंत उकलत नाही. आठ खुंट्यांच्या लेगो विटेतही लांबी रुंदीच्या दुप्पट. ‘त्यांनी आपलेच उचलले’ म्हणण्यास मात्र आधार नाही. गरज सारखी, म्हणून उत्तर सारखे.

महाराष्ट्रात प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर-हडप्पा काळातील, कच्च्या विटांनी बांधलेले दफन सापडले. हे स्थळ बोपर्डीकरांनी शोधले ते १९५८ साली. त्याच वर्षी २८ जानेवारीला लेगोने डेन्मार्कमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९४९ची तिची वीट आतून पोकळ होती, रचना सहज ढासळे. आता आत नळ्या आल्या. खुंट्यांतील अंतर ८ मिलिमीटर, तिरके मोजल्यास ११.३१. त्यातून खुंटीचा व्यास ४.८ वजा करा: ६.५१. नळीचा बाह्य व्यास नेमका तेवढा, म्हणून ती चारही खुंट्यांना घट्ट टेकते.

उंचीत लेगो हडप्पाचे प्रमाण सोडते. वीट ९.६ मिलिमीटर उंच; पाच विटांची चळत ४८, आणि सहा खुंट्यांची लांबीही ४८. चळत आडवी केली तरी मापात बसते. भाच्याने लगेच करून पाहिले.