पूर्त आणि उत्सर्ग

विहीर, तळे, देवालय, आमराई ही सारी कामे आपल्या धर्मशास्त्राने ‘पूर्त’ या एकाच सदराखाली घातली आहेत. परंतु तळे बांधून झाले म्हणजे दान झाले, असे शास्त्रकार मानीत नाहीत. त्यासाठी ‘उत्सर्ग’ हा विधी सांगितला आहे. त्यात दाता पाण्यावरील आपले स्वत्व सोडून ते सर्व भूतमात्रांना अर्पण करतो. वकिलाच्या नजरेस तरी दानाचे मर्म या सोडण्यातच दिसते.

व्यवहारात मात्र ते सहसा सुटले नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. महाडचे चवदार तळे तर सार्वजनिकच! नगरपालिकेने १९२४ साली ते सर्वांस मोकळे केल्याचा ठरावही केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी ते पाणी प्याले, तेव्हा मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धी’ झाली आणि तळे खाजगी असल्याचा दावाही दाखल झाला. अस्पृश्यांस वगळण्याची अनादि रूढी सिद्ध होत नाही, हा उच्च न्यायालयाचा निर्णय १७ मार्च १९३७ रोजी मिळाला. पाण्याच्या एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

म्हणून स्वच्छ पाण्याच्या कार्यास देणगी मागितली जाते, तेव्हा खोदाईच्या खर्चाआधी मी दोन गोष्टी विचारतो: पाणी भरण्यास कोणास मज्जाव नाही ना, आणि पुढे गाळ काढण्याचा खर्च कोठून येणार? अहिल्याबाईंनी अशी कामे खासगीच्या, म्हणजे दरसाल येणाऱ्या, उत्पन्नातून केली. देणगीदाराचे नाव शिळेवर खुशाल कोरावे. ही दोन उत्तरे मात्र दस्तात लिहून घ्यावीत.