मैलाचे तिकीट आणि मुदतीचा परवाना

सहकुटुंब परदेशप्रवासाचा बेत ठरला, विमानाची व्यवस्था झाली आणि मुक्कामाच्या गावांची नावे कागदावर उतरली, म्हणजे गृहस्थापुढे जो पहिला बिकट प्रश्न उभा राहतो तो आगगाडीचा : प्रत्येक टप्प्याचे तिकीट स्वतंत्रपणे काढावे, की ठराविक दिवसांचा एकच पास घेऊन त्या काळजीतून मोकळे व्हावे? हा प्रश्न बहुधा निव्वळ बेरीज-वजाबाकीचा समजला जातो, आणि हिशेब करण्यात गैर काहीच नाही. परंतु त्या हिशेबात जे आकडे मांडावयाचे ते ज्या रीतीने ठरतात तिला जवळजवळ दोन शतकांचा इतिहास आहे, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून एका देशात लाभदायक ठरलेला पास शेजारच्या देशात अंगावर का येतो याचा उलगडा होत नाही.

आरंभ तिकिटापासून केला पाहिजे. इंग्लंडात आगगाड्या सुरू झाल्या तेव्हा घोड्यांच्या टपालगाडीची जुनी रीतच तेथे चालू राहिली. प्रवाशाचे स्थळ कारकुनाने कागदावर हाताने लिहावे, त्याची प्रत वहीत ठेवावी, आणि हे चालू असता बाकीच्यांनी तिष्ठत राहावे. लँकेस्टरचा टॉमस एडमंडसन हा व्यवसायाने लाकडी सामान करणारा कारागीर; धंद्यात दिवाळे निघाल्यावर न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवरील मिल्टन नावाच्या लहानशा स्थानकावर तो १८३६ च्या सुमारास नोकरीला लागला. तेथे त्याने पुठ्ठ्याचे एकाच मापाचे, सुमारे सव्वादोन इंच लांबीचे, अनुक्रमांक छापलेले तिकीट काढले, आणि त्यावर तारीख उठविणारे यंत्रही सिद्ध केले. या सुधारणेचे मर्म हिशेबात होते. प्रत्येक स्थळाची तिकिटे एकाखाली एक क्रमाने रचलेली असत; सकाळी जो अंक वर होता तो आणि संध्याकाळी जो अंक वर उरला तो यांची वजाबाकी केली की विकलेल्या तिकिटांची संख्या निघे, तिला भाड्याने गुणले की पेटीत किती रोकड असावयास हवी ते कळे. कारकुनाच्या सचोटीचा पडताळा पाहण्याचे इतके साधे आणि इतके पक्के साधन त्यापूर्वी कोणत्याही वाहतुकीच्या दप्तराला लाभले नव्हते. १८३९ मध्ये मँचेस्टर-लीड्स रेल्वेने ही पद्धत स्वीकारली, पुढे जगातील बहुतेक रेल्वे कंपन्यांनी तिचे अनुकरण केले, आणि आपल्याकडे तर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत खिडकीमागून ऐकू येणारा तो ठशाचा खट्‌ आवाज प्रवासाच्या आरंभाची खूणच होऊन राहिला होता.

या पुठ्ठ्याच्या तुकड्याच्या पाठीमागे एक निश्चित तत्त्व उभे होते : रेल्वे जे विकते ते अंतर होय. मुंबईहून ठाणे एकवीस मैल, तर एकवीस मैलांचे भाडे; माणूस कोण, दिवस कोणता, गाडीत गर्दी किती, याची चौकशी नाही, वर्ग मात्र सांगावा. लहान मुलाचे अर्धे तिकीट हेही याच तत्त्वाचे अपत्य. जोवर हे तत्त्व अबाधित होते तोवर पाससंबंधीचा हिशेब कोणालाही करता येण्याजोगा होता.

अंतराऐवजी काळ विकण्याची कल्पनाही तशी जुनीच. रोज त्याच मार्गाने कामावर जाणाऱ्यास महिन्याचा किंवा तिमाहीचा पास देण्याची वहिवाट रेल्वे कंपन्यांनी फार लवकर सुरू केली, आणि मुंबईच्या चाकरमान्याला तिचे महत्त्व समजावून सांगावे असे नाही. परंतु तो पास दोन स्थानकांच्या हद्दीत बांधलेला असतो. सहलीस निघालेल्या कुटुंबाला हवी असते ती निराळी वस्तू : अनेक कंपन्यांच्या, किंबहुना अनेक राष्ट्रांच्या, रुळांवर चालणारी मुभा. पेशवाईत ज्याच्यापाशी सरकारी दस्तक असे त्याचा माल चौकीचौकीवर जकातीसाठी अडत नसे. रेल्वेच्या पासचे स्वरूप या दस्तकासारखे आहे. मात्र दस्तक एका सत्तेचे असे, आणि पास अनेक सत्तांनी मान्य करावा लागतो, म्हणून त्याच्या मुळाशी करारनामा लागतो. एका कंपनीने विकलेल्या तिकिटावर दुसरीच्या रुळांवरून गेलेल्या प्रवाशाचे पैसे कोणी कसे वाटून घ्यावे, याचा निकाल करण्यासाठी लंडनमध्ये १८४२ साली रेल्वे क्लिअरिंग हाउस नावाचे दप्तर स्थापन झाले. प्रवासाच्या इतिहासात त्याचे नाव क्वचितच निघते. मला मात्र ते एखाद्या भव्य पुलाइतकेच मोलाचे वाटते, कारण पुढील सर्व सामाईक तिकिटांचा पाया तेथे घातला गेला.

या पायावर व्यापार उभारला तो टॉमस कुकने. ५ जुलै १८४१ रोजी मद्यपानविरोधी सभेसाठी सुमारे ५०० माणसांना माणशी एक शिलिंग घेऊन लेस्टरहून लफबरोला नेणारा हा धर्मनिष्ठ गृहस्थ १८६३ मध्ये आपल्या मंडळींना स्वित्झर्लंड दाखवून आला, आणि निरनिराळ्या कंपन्यांची तिकिटे एकत्र गुंफून जेथून निघाले तेथेच परत आणणारी वर्तुळाकार सहलीची तिकिटे त्याने रूढ केली. त्याच्या पेढीची शाखा १८८० च्या दशकात मुंबईत निघाली, आणि हिंदुस्थान सरकारने हजच्या यात्रेकरूंच्या वाहतुकीची व्यवस्था काही वर्षे याच पेढीकडे सोपविली होती. कुकचे हे तिकीट पास नव्हे, कारण मार्ग आधीच नक्की झालेला असे. पण सुट्या तिकिटाचा जाचही त्यात नसे.

खरा पास प्रथम रुजला तो स्वित्झर्लंडात, आणि तोही तेथील मुख्य रेल्वे खाजगी कंपन्यांच्या मालकीच्या होत्या त्या काळात. १८९१ मध्ये अर्ध्या भाड्याचे कार्ड आले. १८९८ मध्ये वर्गणीदाराला पुन्हा पुन्हा तिकीट न काढता फिरू देणारा पास आला. त्याच १८९८ च्या २० फेब्रुवारीस स्विस नागरिकांनी मतदानाने रेल्वे राष्ट्राच्या मालकीची करण्याचा कौल दिला, आणि १९०२ पासून सरकारी रेल्वेचा कारभार सुरू झाला. पुढे १९८७ मध्ये, वाहनांच्या धुराने अरण्ये झडत चालल्याची चिंता त्या देशाला ग्रासीत असताना, अर्ध्या भाड्याच्या कार्डाची वार्षिक किंमत ३६० फ्रँकांवरून एकदम १०० फ्रँकांवर आणली गेली. रेल्वेचा पास हे लोकांना मोटारीतून खाली उतरविण्याचे साधन होऊ शकते, हा विचार तेथे राज्यकर्त्यांनी मनावर घेतला, आणि म्हणूनच आजही त्या देशात पास घेणाऱ्या परक्या कुटुंबाला पासचा खरा उपभोग मिळतो : बहुतेक गाड्यांत जागा राखून ठेवण्याची सक्ती नाही, बोट, बस आणि शहरातील ट्रॅम त्यातच आली, आणि आईवडिलांपैकी एकाजवळ पास असला की सहा ते पंधरा वर्षांची मुले कुटुंबाच्या कार्डावर विनामूल्य येतात. आपल्याकडील प्रवाशांची जेथे झुंबड असते त्या युंगफ्राउयोखच्या डोंगरी गाडीचा अपवाद मात्र आधीच जाणून घ्यावा. १९१२ मध्ये पूर्ण झालेला तो मार्ग निराळ्या कंपनीचा आहे. पाहुण्यांचा पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत पुरा चालतो, तेथून वर केवळ पाव भाड्याची सूट देतो, आणि अर्ध्या भाड्याचे कार्ड घेतलेल्यास मात्र तेथेही निम्मे भाडे पडते. ज्यांचा बेत एकाच गावी राहून दोन-चार उंच शिखरे पाहण्याचा आहे त्यांना म्हणून हे कार्ड अनेकदा अधिक सोयीचे पडते.

उर्वरित युरोपातील कथा महायुद्धानंतरची. १९५८ च्या ऑक्टोबरात जेट विमानाने न्यूयॉर्क-पॅरिस उड्डाण सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, पश्चिम युरोपातील तेरा देशांच्या रेल्वेंनी मिळून युरेल पास काढला. तो युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठीच होता. समुद्रापलीकडून येणाऱ्या पाहुण्याने मोटार भाड्याने न घेता आगगाडीत बसावे हा त्याचा हेतू होता. युरोपातील तरुणांसाठी इंटररेल निघाला तो १९७२ मध्ये, आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त : वय एकवीसपर्यंत, देश एकवीस, मुदत एक महिना, आणि इंग्लंडातील किंमत साडेसत्तावीस पौंड. तो एका वर्षापुरताच राहावयाचा होता. परंतु लोकांनी तो असा उचलून धरला की वयाची अट वरचेवर सैल होत गेली आणि १९९८ मध्ये ती पुरती नाहीशी झाली. प्रवाशाने प्रत्येक गाडीची नोंद पासबरोबरच्या वहीत करावयाची असे. युद्धात ज्यांनी एकमेकांचे रूळ उखडले त्या राष्ट्रांचे कारकून तीस वर्षांच्या आत एकाच पोराच्या प्रवासाचे पैसे शांतपणे वाटून घेऊ लागले, ही गोष्ट मला त्या शतकातील थोड्या निर्मळ गोष्टींपैकी एक वाटते.

मग पासची ही सत्ता ओसरली कशाने? किंमत वाढली हे उत्तर अपुरे आहे. मुख्य फरक पडला तो तिकिटात. फ्रान्समध्ये १९८१ साली पॅरिस-लियों मार्गावर अतिवेगवान गाडी धावू लागली आणि तिच्याबरोबर जागा राखण्याची सक्ती आली. १९९३ मध्ये तेथील रेल्वेने विमान कंपनीच्या धर्तीवर बांधलेली आरक्षणयंत्रणा बसविली, आणि एकाच गाडीतील एकाच वर्गाची दोन आसने दोन भावांनी विकली जाऊ लागली. अंतराचे तत्त्व तेथे मोडले. जो तीन महिने आधी ठरवितो त्याला सुटे तिकीट अत्यल्प भाड्यात मिळते, आणि पासधारकाला मात्र वर आरक्षणाचा आकार द्यावा लागतो. शिवाय अशा जागाही मोजक्याच राखलेल्या असतात. इंटररेल-युरेलच्या नियमांत एका प्रौढाबरोबर अकरा वर्षांपर्यंतची दोन मुले विनामूल्य येतात हे खरे, परंतु फ्रान्सच्या वेगवान गाडीत त्या मुलांसाठीही जागा राखावी लागते आणि तिचे पैसे पडतात. चौघांच्या कुटुंबाने हा आकार प्रत्येक टप्प्याला चारदा मोजला म्हणजे फुकटपणाचा अर्थ ध्यानी येतो. जर्मन रेल्वेने २००२ च्या अखेरीस असेच विमानी वळणाचे भाडे आणून निम्म्या भाड्याचे कार्ड रद्द केले, तेव्हा लोकांत इतका असंतोष माजला की पुढच्याच वर्षी ते कार्ड परत आणावे लागले. भाडे आधी कळावे आणि गाडी ऐनवेळी निवडता यावी, हा प्रवाशाचा हक्क आहे असे तेथील जनतेला वाटत होते, आणि माझ्या मते ते योग्यच होते.

जपानचे उदाहरण थोडक्यात सांगण्यासारखे आहे. तेथे परदेशी पाहुण्यांचा पास १९८१ पासून आहे, आणि वेगवान गाडीचेही भाडे मुख्यत्वे अंतरावरच बसते. त्यामुळे हिशेब आरशासारखा स्वच्छ राहतो. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनांना मिळत होता तोवर तोक्यो-क्योतो जाऊन-येऊनच त्याची किंमत जवळजवळ वसूल होई. १ ऑक्टोबर २०२३ पासून तोच पास ५०,००० येनांचा झाला, आणि केवळ त्या दोन नगरांपुरता बेत असलेल्या कुटुंबाला सुटी तिकिटेच परवडू लागली. हिरोशिमापर्यंत जाऊन परत येणाऱ्यासही आता कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते.

आपल्या देशात विदेशी पाहुण्यांसाठी व अनिवासी भारतीयांसाठी परकीय चलनात मिळणारा इंडरेल पास होता. तो २ नोव्हेंबर २०१७ पासून बंद झाला. येथील सामान्य कुटुंबासाठी दिवसांवर चालणारा पास नाही, पण कुकच्या वर्तुळाकार तिकिटाच्याच जातीचे चक्री प्रवासाचे तिकीट आहे, आणि त्याकडे लोकांचे दुर्लक्ष व्हावे याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्याकडे अंतर वाढत जाते तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. सुटी तिकिटे काढणारा प्रत्येक टप्प्याला पुन्हा चढ्या दरापासून आरंभ करतो. चक्री तिकिटात मात्र सबंध फेरीचे अंतर दोन समान प्रवासांत विभागले जाते, म्हणजे ४,००० किलोमीटरच्या फेरीला २,००० किलोमीटरच्या दोन प्रवासांचे उतरलेले भाडे लागते. निघाल्या स्थानकी परत येणे आणि वाटेत आठांहून अधिक ठिकाणी न उतरणे, या त्याच्या प्रमुख अटी. काशीची गंगा रामेश्वरास नेऊन घालावयाची आणि मग घरी परतावयाचे, ही महाराष्ट्रातील यात्रेची जुनी रीत स्वभावतःच वर्तुळाकार आहे. पुण्याहून निघून प्रयाग, काशी, गया, पुरी, मद्रास, रामेश्वर असे करून परतणाऱ्या कुटुंबाला या अटी कोठेच आडव्या येत नाहीत.

त्यासाठी सायास पडतात हे नाकारण्यात अर्थ नाही. मार्गाचा तक्ता करून तो स्थानकाच्या अंमलदारांकडे किंवा विभागीय वाणिज्य व्यवस्थापकाच्या कचेरीत द्यावा लागतो. तेथे भाड्याची आकारणी होऊन तसा कागद येतो, तो खिडकीवर दाखवून तिकीट मिळते, आणि त्यानंतर प्रत्येक टप्प्याची जागा आरक्षण कार्यालयात निराळी मागावी लागते. बरोबर पाच ते बारा वर्षांची मुले असतील तर त्यांना स्वतंत्र शय्या हवी की नको हे तक्ता करतानाच ठरवावे, कारण एप्रिल २०१६ पासून शय्या मागितलेल्या मुलाचे भाडे पुरे धरले जाते, आणि मोठ्या फेरीत त्या एका नोंदीने एकंदर रकमेत पुष्कळ अंतर पडते.