पन्नास वाव खोलीचं घड्याळ

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात झां-जाक फिश्टर बुडी मारून उतरले, वेळेचं भान राहिलं नाही आणि सिलिंडरमधली हवा खालीच संपली. ते कसेबसे वर आले. फिश्टर हे ब्लांपँ या जुन्या स्विस घड्याळ कंपनीचे प्रमुख. आपण घड्याळं विकतो, पण पाण्याखाली किती मिनिटं सरली हे सांगणारं एकही आपल्याकडे नाही, हे त्यांना जिवावर बेतल्यावर उमगलं.

घड्याळात पाणी शिरतं ते मुख्यतः चावीच्या भोकातून आणि मागच्या झाकणाकडून. फिश्टर यांनी चावीला दुहेरी रबरी कडी बसवली. झाकण आवळताना खालचं रबर पिळवटू नये म्हणून ते वेगळ्या धातूच्या कड्याने दाबून धरलं. यंत्र ऑटोमॅटिक निवडलं, कारण रोज चावी द्यावी लागली तर रबर झिजणारच. तबकडीभोवती फिरतं कडं आलं. बुडी मारताना त्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. पुढे काटा कड्यावर जिथे असेल तितकी मिनिटं झाली. हे कडं चुकून धक्का लागून सरकू नये, याची तजवीज त्यांनी केली, आणि माझ्या मते त्यांची खरी करामत तीच. हवेचा हिशेब त्या कड्यावर असतो.

त्याच सुमारास पाण्याखाली पोहत लढणाऱ्या फ्रेंच नौदल पथकाचे अधिकारी रोबेर मालूबिए आणि क्लोद रिफो असंच घड्याळ शोधत होते: काळी तबकडी, गढूळ पाण्यातही दिसतील असे मोठे चमकते आकडे, फिरतं कडं. त्यांची गरज आणि फिश्टर यांचं काम एकमेकांना भेटलं. १९५३ साली ‘फिफ्टी फॅदम्स’ आलं. पन्नास वाव, म्हणजे सुमारे ९१ मीटर. साध्या हवेवर माणूस याहून खोल जाऊ शकत नाही, असं तेव्हा मानत. १९५६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या, फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तो यांच्या समुद्रपटात त्यांच्या पाणबुड्यांच्या मनगटावर हेच घड्याळ आहे. लष्करी आवृत्तीत तबकडीवर सहाच्या आकड्याशी एक छोटी चकती असे. आत ओल शिरली की तिचा निळा भाग लाल होई. पाण्यात उतरण्याआधी तिच्याकडे एक नजर टाकली की पुरे.

मग क्वार्ट्झ घड्याळांची लाट आली आणि ब्लांपँ जवळपास थंडावली. १९८०च्या दशकात झां-क्लोद बिव्हेर आणि जाक पिगे यांनी हे नाव विकत घेऊन कंपनी उभी केली खरी, पण त्यांचा भर चंद्रकला दाखवणाऱ्या नाजूक घड्याळांवर होता. समुद्राची ओढ परतली ती २००२ साली मार्क हायेक प्रमुख झाल्यावर. हायेक स्वतः पाणबुडे. पन्नाशीनिमित्त २००३ साली प्रत्येकी ५० नगांच्या तीन मालिका निघाल्या. कड्यावर फुगीर नीलमणी काच आली, जी सहसा ओरखडत नाही. आताचं कडं एकाच दिशेने फिरतं. धक्का लागलाच तर गेलेली मिनिटं जास्त दिसतात, कमी नाही, आणि माणूस वेळेआधी वर येतो. २००७ पासून हे घड्याळ नियमित विक्रीत आहे.

२०२३ साली स्वॉच या घड्याळ कंपनीने याच नावाने हलकं, रंगीत, स्वस्त घड्याळ काढलं. तेही ९१ मीटर सोसतं आणि सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे, याचा मला आनंद आहे. दुःख एवढंच, की त्याचं यंत्र बिघडलं तर ते उघडून दुरुस्त करावं अशी त्याची रचनाच नाही. १९५३चं घड्याळ जाणता कारागीर आजही उघडून चालतं करतो.

आज पाण्याखालचा हिशेब बहुतेक पाणबुडे मनगटावरच्या संगणकावर ठेवतात, तरी तो बंद पडला तर म्हणून दुसऱ्या हातावर साधं घड्याळ बांधणारे आहेत. तुम्ही अशी जुन्या घड्याळाची नवी आवृत्ती घ्यायला गेलात, तर नाव आणि डबी नंतर बघा, आधी कडं फिरवा. ते दोन्ही दिशांना सैल फिरत असेल, तर ते घड्याळ घेऊन पाण्यात उतरू नका.