घाटातला शिंगरोबा आणि पडद्यावरचे मेलेले

खोपोलीकडून जुन्या रस्त्यानं खंडाळ्याकडे चढताना बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले गाडी न थांबवता खिडकीतून नाणं टाकतात आणि पुढचं वळण घेतात. शिंगरोबा जातीचा धनगर. घाटाची वाट त्यानं इंग्रज साहेबाला दाखवली आणि बक्षिसाऐवजी त्याच्या वाट्याला मरण आलं, असं सांगतात. मारणाऱ्यांचं राज्य गेलं. शिंगरोबा मात्र अजून घाटाचा राखणदार आहे.

या घाटात रेल्वेचं काम 1856 मध्ये सुरू झालं आणि 1863 मध्ये गाडी वर चढली. 1861 च्या सुमारास चाळीस हजारांहून जास्त मजूर डोंगर फोडत होते. पटकीनं त्यातले हजारो गेले. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार 1859 मध्ये विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारानं मेला; पुढचं कंत्राट त्याची बायको अ‍ॅलिस हिनं पुरं करून घेतलं. ट्रेडवेलचं नाव कागदांत राहिलं, शिंगरोबाला देऊळ मिळालं. त्या हजारोंसाठी साधा शेंदूर फासलेला धोंडाही नाही.

मावळच काय, सगळ्या घाटमाथ्यावर मेलेला माणूस परत येतो तो कुणाचा तरी कुणी म्हणून. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा पिंपळावर मुंजा होऊन बसतो. बाळंतपणात गेलेली अळवंत होते. प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलेलं असतं आणि ते घरच्यांनाच निस्तरावं लागतं. नाव नसलेली, नातं नसलेली मेलेल्यांची झुंड आपल्या भुताटकीत बसत नाही.

मराठी सिनेमातली विनोदी भुतं याच घरातून निघाली. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’नं (1993) बोलक्या बाहुल्याची कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी सिनेमावरून घेतली. पण ती एकदा मराठी गावात आली आणि लक्ष्मीकांत बेर्डेंच्या लक्ष्याच्या गळ्यात पडली, की तिची भीती निम्मी आणि गंमत दुप्पट झाली. रामदास पाध्ये यांच्या त्या बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू म्हणजे दिलीप प्रभावळकर. कोठाऱ्यांच्याच ‘पछाडलेला’मध्ये (2004) ते वाड्यातले मेलेले इनामदार झाले. वाडा सोडायला तयार नसलेलं भूत ही कुठल्याही भाऊबंदकीत शोभेल अशी व्यक्तिरेखा आहे. पुढे ‘नारबाची वाडी’मध्ये (2013) प्रभावळकरांचा म्हातारा नारोबा मरतच नाही, आणि त्याच्या वाडीवर डोळा ठेवून बसलेला खोत ताटकळत राहतो. मूळ नाटक मनोज मित्र यांचं, बंगाली. जमिनीसाठी कुणाच्या तरी मरणाची वाट पाहत बसणं भुताटकीपेक्षा फार लांब नाही.

थोड्या पैशांत भीती दाखवायची तर घरची माणसं कामाला लावावीत, हेही सह्याद्रीत आधीच सिद्ध झालं होतं. रामसे बंधूंनी ‘दो गज ज़मीन के नीचे’ (1972) महाबळेश्वरला सगळं कुटुंब नेऊन, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात उरकला. त्यातही मेलेला नवरा उठतो तो बायकोचा हिशेब करायला. त्याच्या चार वर्षं आधी जॉर्ज रोमेरोनं पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतघरात ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ असाच काटकसरीनं काढला होता. पण त्याच्या मेलेल्यांचा कुणाशीच हिशेब नव्हता. त्यांना फक्त भूक होती.

ही भुकेली जमात, म्हणजे झोंबी, मराठीत यायला 2022 उजाडलं. आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ 26 जानेवारीला लागला. त्यांचे पणजोबा नानासाहेब सरपोतदार मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक. ‘नारबाची वाडी’ही आदित्य यांचीच. तरीही झोंबींसाठी त्यांनी कोकणातलं गाव किंवा मावळातलं शेत निवडलं नाही. डोंबिवली घेतली, टॉवर आणि झोपडपट्टी समोरासमोर ठेवली आणि रोगाचं मूळ पाण्यात दाखवलं. निवड अचूक होती. गावात प्रत्येक मढ्याला नाव असतं, कुणीतरी त्याला ओळखतं आणि झुंड तिथंच फुटते. शेजाऱ्याचं आडनाव ठाऊक नसलेल्या इमारतीत मात्र झोंबी शोभून दिसतात.

त्यांना विनोदी करायला शेवटी घरच लागलं. अमेय वाघचा इंजिनिअर गरोदर बायकोला घेऊन नव्या फ्लॅटमध्ये आलेला असतो, आणि हसू येतं ते त्याच्या मध्यमवर्गीय घाबरटपणाचं. दोन वर्षांनी सरपोतदार हिंदीत ‘मुंज्या’ घेऊन आले, तेव्हा ते थेट कोकणातल्या पिंपळाखाली परतले होते. त्या भुताची एकच मागणी होती: त्याचं लग्न लावून द्या. सिनेमानं देशभरात शंभर कोटींच्या वर गल्ला जमवला.