तलवारीची पाटी

गेल्या भाद्रपदात, दशलक्षण पर्व दोन दिवसांवर आलेलं असताना, आमच्या बेळगावच्या घरात एक तलवार आली. जैनाच्या घरात तलवार! सासूबाई हातातली पोथी मिटून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाजी चिरायच्या आधी आत किडा आहे का बघणारी माणसं आपण. हे काय आणलंय घरात?"

आणली होती माझ्या धाकट्या दिरांनी. ऑनलाइन, सेकंडहँड, साडेआठ हजार रुपयांना. निमित्त झालं रघुजी भोसल्यांच्या तलवारीचं. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचा पाया घालणारे पहिले रघुजीराजे. त्यांची तलवार लंडनच्या सोथबीजमध्ये लिलावाला निघाली होती. महाराष्ट्र शासनानं एप्रिल २०२५ मध्ये ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत पोचली. टीव्हीवर तो सोहळा बघताना भाऊजींचे डोळे भरून आले होते. आठ दिवसांत आमच्या दारात लांबट खोकं!

पात्यावर मुठीजवळ अक्षरं होती. गंजातून आणि काळ्या किटणातून एवढंच वाचता येत होतं : 'शिवराज्याभिषेक १६७४'. विकणाऱ्यानं लिहिलं होतं, 'राज्याभिषेकाच्या वेळची अस्सल तलवार'. भाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमचं अक्षर छान. त्यात तुम्ही बीएला इतिहास घेतलेला. एक पाटी लिहून द्या की. 'आमच्या पूर्वजांची तलवार, सन १६७४.' पुतण्याच्या साखरपुड्याला व्याही येणार आहेत, त्याआधी हॉलमध्ये लावू."

मी म्हटलं, "आपले पूर्वज रायगडावर होते?"

"नव्हते कशावरून ओ?"

यावर काय बोलणार! पण पाटी माझ्या हातची असणार होती. म्हटलं, आधी मला तलवार बघू दे.

मी काही हत्यारांची जाणकार नव्हे. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधली काचेआडची शस्त्रं लहानपणापासून बघितलेली, आणि थोडंफार वाचलेलं. पण लोखंड आणि पितळ या दोन धातूंशी बाईचा जन्मभराचा संसार असतो. माझ्या आजीची विळी लोहारानं ठोकून दिलेली. तिचं पातं बुडाशी जाड आणि पुढं पातळ होत गेलेलं. बाजारातून आणलेल्या विळीचं पातं इथून तिथून सारखं, कारण ते पत्र्यातून कापलेलं असतं. तलवारीचंही तसंच. हातानं घडवलेलं पातं मुठीजवळ जाड असतं आणि टोकाकडं निमुळतं होताना जाडीलाही कमी होत जातं. म्हणून ती हातात घेतली की तोल मुठीकडं राहतो आणि मनगट लवकर थकत नाही. आमची ही तलवार हातात घेतली तर टोक जमिनीकडं ओढत होतं. पात्याच्या पाठीवरून बोटं फिरवली. जाडी टोकापर्यंत तीच.

मग मूठ. ती पितळेची होती. आपल्याकडच्या जुन्या तलवारींच्या मुठी बहुतेक लोखंडी किंवा पोलादी असत. त्यांवर सोन्या-चांदीचं काम असे. पितळेच्या मुठीही असत, तेव्हा नुसत्या पितळेवरून निकाल देऊ नये. पण आमच्या मुठीच्या कडेनं एक बारीक उभी रेघ गेली होती. साच्यात ओतलेल्या स्वस्त समईला असते ना, तशी. बोटांवरून धनुष्यासारखी येणारी जी पट्टी, तिला परज म्हणतात, तिच्यावरही ती रेघ होतीच. आणि खरी गंमत मुठीच्या तळाशी. जुन्या तलवारीत पात्याचं शेपूट मुठीच्या पोकळीत घालून ते लाखेनं पक्कं करत. आमच्या तलवारीला खाली चक्क नट होता! भाऊजींच्या मुलानं पाना आणून तो अर्धा फेरा फिरवूनही दाखवला.

एवढं झाल्यावरही भाऊजी म्हणाले, "मूठ मागाहून बदलली असेल." हे म्हणणं अगदी चुकीचं नाही. जुन्या पात्याला नवी मूठ बसवण्याची रीत होतीच. मराठ्यांच्या कितीतरी तलवारींची पाती युरोपातून आलेली होती. ती सरळ, लांब पाती इथं आणून त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसवत. अशा तलवारीला नावच पडलं 'फिरंग'. रघुजीराजांच्या तलवारीचं पातंही युरोपी बनावटीचं आहे, आणि त्यावर देवनागरीत लिहिलंय : 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. बघा, एवढा मोठा सरदार, पण पातं परदेशचं आहे हे लपवलेलं नाही. मालकाचं नाव, त्याचं पद आणि वस्तूची जात, सगळं पात्यावरच लिहून ठेवलंय. अडीचशेहून अधिक वर्षांनी ती तलवार ओळखायला हाच लेख उपयोगी पडला.

तेव्हा आम्हीही आमच्या तलवारीवरची अक्षरं परत वाचली. आणि मला ते साल खटकलं. १६७४ हे इसवी सन. आपण शाळेत तेच पाठ केलं, म्हणून डोळ्यांना चुकीचं वाटत नाही. पण रायगडावर ज्या दिवशी राज्याभिषेक झाला, तो दिवस त्या माणसांसाठी शके १५९६, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी होता. महाराजांनी तर त्या दिवसापासून आपला स्वतःचा राज्याभिषेक शक सुरू केला. ज्यानं स्वतःची कालगणना चालू केली, त्याच्या तलवारीवर इंग्रज-पोर्तुगीजांचं साल कोण घालील? शिवराई नाणं बघा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. त्यावर साल नाहीच. जुन्या वस्तूवर इसवी सन सुबक देवनागरी आकड्यांत दिसला, की आधी शंका घ्यावी.

भाऊजी गप्प झाले. मलाही वाईट वाटलं.

पातं जुनं नाही एवढं ठरल्यावरच मी साफसफाईला हात घातला. हे मैत्रिणींना मुद्दाम सांगते. घरात खरोखर जुनं हत्यार, नाणं, मूर्ती असेल तर चिंच-मीठ, राख, घासणी काहीही लावू नका. त्यावरचा काळपटपणाही त्याच्या वयाचा पुरावा असतो. आमच्या पात्याला मी रॉकेलचा बोळा लावला आणि हलक्या हातानं पुसत बसले. 'शिवराज्याभिषेक १६७४' च्या पुढं एक आडवी रेघ उमटली. तिच्यापुढं एक, नऊ... १९७४. आणि खाली अगदी बारीक अक्षरांत : 'त्रिशताब्दी'.

म्हणजे तलवार खोटी नव्हतीच! राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली, तेव्हा कुणीतरी आठवण म्हणून ती करून घेतली होती. तिनं आपलं वय पात्यावर सांगितलं होतं. अर्धी अक्षरं कुणी मुद्दाम बुजवली, की पन्नास वर्षांच्या तेला-धुळीनं बुजली, ते विकणाऱ्यालाच ठाऊक. १९७२ च्या कायद्याप्रमाणं शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. साडेतीनशे वर्षांची तलवार कुणी साडेआठ हजारांत घरपोच देत असेल, तर तिथंच थांबायला हवं होतं.

तरी भाऊजींचा शेवटचा हट्ट राहिलाच. "व्याह्यांना कुठं कळणार आहे? एवढी एक पाटी लिहा."

पर्वात आमच्याकडं रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी सातवा अध्याय असतो, त्यात व्रतांचे अतिचार येतात. दरवर्षी ऐकते, पण कानावरून जातं. यंदा दोन शब्द थेट आत शिरले. सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटा लेख लिहिणं. आणि अचौर्याच्या अतिचारांत 'प्रतिरूपकव्यवहार', म्हणजे असलच्या जागी नक्कल खपवणं. आमच्या तलवारीचा अख्खा खटला त्या दोन शब्दांत होता. नक्कल करून ठेवण्यात दोष नाही, ती अस्सल म्हणून पुढं ढकलण्यात आहे. विकणाऱ्यानं एक केलं होतं, आणि दुसरं माझ्या हातून व्हायचं होतं.

तलवारीचं जैनांना वावडं होतं असंही नाही. आमच्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी १२०४ साली बिचिराजानं बांधली. तो रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री. श्रवणबेळगोळला बाहुबलींची मूर्ती उभारणारा चावुंडराय तर सेनापतीच होता. तेव्हा हॉलमध्ये तलवार लावायला माझी ना नव्हती. पूर्वजांनी जे केलं नाही, ते त्यांच्या नावावर लावायला होती.

संध्याकाळी सासूबाईंना ते साल वाचून दाखवलं. त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग दिरांना म्हणाल्या, "चौऱ्याहत्तर साली मिरवणूक बघायला मी दारात उभी होते. तू पोटात होतास." भाऊजी आधी चमकले, मग मोठ्यानं हसले. तलवार त्यांच्याच वयाची निघाली होती!

पाटी मी लिहिली. 'शिवराज्याभिषेक त्रिशताब्दीची स्मरणतलवार, १९७४. सन २०२५ मध्ये जुन्या बाजारातून विकत घेतली. पूर्वजांची नाही.'

भाऊजी म्हणाले, "शेवटचं वाक्य तेवढं काढा की ओ."

मी म्हटलं, "काढलं तर तुमची नातवंडं ती जागा आपल्या मनानं भरतील." मग त्यांनीच खिळा ठोकला.

साखरपुड्याला व्याही आले. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी पाटी वाचली, आणि पुन्हा एकदा वाचली. जाताना मला बाजूला बोलावून हळूच म्हणाले, "वहिनी, आमच्याकडंबी एक तलवार आहे, विजापूरच्या बादशाहीची म्हणून सांगतात. एकदा येऊन बघता काय?"