नदी उलटी वळवली, नळ राहून गेला

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीप्रमाणे लेखी स्वरूपात. विषय आहे प्लंबिंग. थांबा, लगेच बंद करू नका. यात एक जागतिक प्रदर्शन आहे, दोन आलिशान हॉटेलं आहेत, एक नटी आहे आणि ९८ मृत्यू आहेत.

सुरुवात शिकागोच्या नदीपासून करू. एकोणिसाव्या शतकात शहराची सगळी घाण शिकागो नदीत जायची, नदी मिशिगन सरोवराला मिळायची आणि पिण्याचं पाणी त्याच सरोवरातून यायचं. म्हणजे आपलंच सांडपाणी आपल्याच पेल्यात. यावर त्यांनी उपाय काय केला? सुमारे ४५ किलोमीटर लांबीचा कालवा खणला आणि १९०० साली अख्खी नदी उलट्या दिशेने वाहायला लावली. घाण सरोवराकडे न जाता दुसऱ्या बाजूला निघून जाऊ लागली. इंजिनिअरिंगच्या इतिहासातलं हे खरंच अचाट काम आहे.

आता १९३३ मध्ये या. अमेरिकेत महामंदी आहे, लोकांच्या हातात पैसा नाही, आणि शिकागोने जागतिक प्रदर्शन भरवलंय. २७ मे ते १२ नोव्हेंबर या पहिल्या हंगामात दोन कोटींहून जास्त लोक आले. मंदीने पिचलेल्या शहरासाठी ही लॉटरीच होती. मिशिगन अव्हेन्यूवरची काँग्रेस आणि ऑडिटोरियम ही दोन मोठी हॉटेलं पाहुण्यांनी भरून गेली. ही दोन्ही रस्त्याच्या आमनेसामने, खालून भुयारी वाटेने जोडलेली. काँग्रेस हॉटेल बांधलं गेलं होतं त्याआधीच्या, १८९३ च्या प्रदर्शनाच्या वेळी. हो, तेच १८९३, ज्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली आणि विवेकानंद तिथे बोलले. म्हणजे १९३३ मध्ये त्या इमारतीतल्या नळांचं जाळं चाळीस वर्षांचं झालं होतं. मधल्या काळात कुठे खोल्या वाढवल्या, कुठे पाइप जोडले, कुठे जुनी लाइन तशीच सोडून नवी टाकली. चाळीस वर्षांचा लेगसी कोड म्हणा ना! कोणता पाइप कुठे जातो हे सगळं माहीत असलेला एकही माणूस उरलेला नसतो.

ऑगस्टमध्ये अमीबिक डिसेंट्रीच्या पहिल्या केसेस शहराच्या आरोग्य खात्याच्या लक्षात आल्या. आपल्याकडे ज्याला आव किंवा आमांश म्हणतात, त्यातलाच हा अमीबामुळे होणारा प्रकार. या रोगाची गंमत, गंमत कसली, खोडी अशी की लक्षणं दिसायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. तोवर पाहुणा घरी पोचलेला असतो. एक आजारी ओहायोत, दुसरा न्यूयॉर्कमध्ये, तिसरा आणखी कुठे. प्रत्येक डॉक्टरसमोर एकच पेशंट. त्यात अमेरिकन डॉक्टरांच्या डोक्यात हा 'उष्ण देशांतला' रोग, शिकागोच्या चकचकीत हॉटेलात तो कसा असेल? अनेकांना अपेंडिक्स किंवा आतड्याचा दुसरा काही विकार समजून ऑपरेशन टेबलावर घेतलं गेलं. आतडी आधीच अमीबाने पोखरलेली. त्यावर सुरी चालवणं म्हणजे मरणाला आमंत्रण.

टेक्सास गिनान ही दारूबंदीच्या काळातली न्यूयॉर्कच्या नाइटक्लबांची राणी. ती त्या प्रदर्शनाच्या काळात शिकागोत होती. पुढे दौऱ्यावर असताना ५ नोव्हेंबर १९३३ ला व्हँकुव्हरमध्ये याच रोगाने ती गेली. बरोबर एका महिन्याने अमेरिकेतली दारूबंदी उठली.

शेवटी मोजदाद झाली तेव्हा आकडा होता १४०९ रुग्ण आणि ९८ मृत्यू.

आणि आता मला या गोष्टीतला जो भाग सगळ्यात जास्त खुपतो, तो. शहराचे आरोग्य आयुक्त होते हर्मन बंडसेन. तपास सुरू झाला तेव्हा पहिला संशय कोणावर? स्वयंपाकी, वेटर, भांडी घासणारे. हॉटेलच्या कामगारांच्या विष्ठेची तपासणी झाली आणि त्यांच्यात भरपूर जणांकडे अमीबा सापडला. झालं, चोर पकडला! पण जरा विचार करा, हे कामगार दिवसभर पाणी कुठलं पीत होते? त्याच हॉटेलचं. पाहुणा चार दिवस प्यायचा, हे रोज प्यायचे. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त विषबाधा झाली, तेच आरोपी ठरले. 'कामवाल्यांचे हात अस्वच्छ असणार' हे कोणालाही चटकन पटतं. तळघरातला पाइप दोषी असेल हे पटायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. सामान्य लोकांना पेपरातून ही बातमी नीट कळली ती नोव्हेंबरमध्ये, प्रदर्शनाचा हंगाम संपत आल्यावर. धंदा बुडेल म्हणून दाबून ठेवलं, असा आरोप तेव्हाच झाला. बंडसेन यांची बाजू अशी होती की उगम सापडला नव्हता आणि डॉक्टरांना कळवलं होतं. मला विचाराल तर तीन महिने फार होतात.

मग इंजिनिअर तळघरात उतरले, आणि तिथे जे दिसलं ते सांगताना मला आताही कसंतरी होतंय. पिण्याचं पाणी थंड करून साठवणाऱ्या टाकीच्या वरून मैलापाण्याचे पाइप गेलेले आणि ते गळके. दोन्ही हॉटेलांची पाणीव्यवस्था एकमेकांत अडकलेली, त्यामुळे एकाची घाण दुसऱ्याच्या पेल्यात. शिवाय पिण्याच्या पाण्याची लाइन आणि सांडपाणी यांच्यात थेट भेट होईल अशा जोडण्या. याला क्रॉस कनेक्शन म्हणतात. क्लोरीनवर भरवसा ठेवावा, तर पाण्यात नेहमी टाकतात तेवढ्या क्लोरीनला अमीबाच्या कवचबंद पेशी दाद देत नाहीत.

इथे थोडं विज्ञान. आपल्याला वाटतं नळातलं पाणी टाकीकडून आपल्याकडे येतं, ही त्याची दिशाच आहे. तसं नाहीये. पाइपमधल्या पाण्याला दिशा नसते, फक्त दाब असतो. जिकडे दाब कमी, तिकडे ते जाणार. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर एकदम खूप नळ उघडले की वरच्या पाइपांत दाब इतका घसरू शकतो की पाणी पुढे येण्याऐवजी मागे ओढलं जातं. त्याच क्षणी एखाद्या नळाचं तोंड टबातल्या घाण पाण्यात बुडालेलं असेल, किंवा जुन्या पद्धतीच्या संडासाची लाइन थेट भांड्यात उतरत असेल, तर? स्ट्रॉने सरबत ओढावं तशी ती घाण पिण्याच्या लाइनमध्ये. यालाच म्हणतात बॅकफ्लो. नदी उलटी वळवणाऱ्या शहरात पाण्याच्या उलट्या वाहण्यानेच घात केला.

हे फक्त जुन्या इमारतीत होतं असं समजू नका. १९६९, मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर, होली क्रॉस कॉलेजची फुटबॉल टीम. सरावाच्या मैदानावर तुषार सिंचनासाठी जमिनीत खड्डे होते, त्यांत नळजोड. शेजारची मुलं तिथे खेळायची, त्यांच्यात कावीळ होती, खड्ड्यांत लघवी मिसळलेलं पाणी साचलेलं. २९ ऑगस्टला जवळ कुठेतरी आग लागली. अग्निशमन दलाने हायड्रंटमधून जोरात पाणी उपसलं, मैदानाच्या लाइनमधला दाब पडला आणि खड्ड्यातलं पाणी आत ओढलं गेलं. खेळाडू सरावानंतर त्याच लाइनचं पाणी प्यायले. ९७ खेळाडू आणि प्रशिक्षकांपैकी सुमारे ९० जणांना हेपटायटिसची लागण झाली. दोन सामने खेळून उरलेला अख्खा हंगाम रद्द. आग विझवणाऱ्यांचा काही दोष? शून्य. तरीही त्यांच्याच पाइपने टीम आडवी केली.

या सगळ्यातून यंत्रं आणि नियम आले. सगळ्यात साधा उपाय म्हणजे हवेची फट. नळाचं तोंड पाण्याच्या वर ठेवायचं, नळाच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर. हवेतून पाणी उलटं उडी मारू शकत नाही. मात्र मोठ्या इमारतींत, जिथे बॉयलर आहे, कूलिंग टॉवर आहे, रसायनं आहेत, तिथे प्रत्येक वेळी फट ठेवता येत नाही. तिथे बसतो रिड्यूस्ड प्रेशर प्रकारचा बॅकफ्लो प्रिव्हेंटर. आपले प्लंबर ज्याला एनआरव्ही म्हणतात, तसे दोन एकदिशा व्हॉल्व्ह एकामागे एक, आणि मधल्या कप्प्याखाली एक सुटका व्हॉल्व्ह. मधला दाब नेहमी आतल्या बाजूपेक्षा कमी राहिला पाहिजे. ते गणित बिघडायला लागलं, फरक २ पीएसआयपर्यंत उतरायच्या आतच, की सुटका व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी सरळ जमिनीवर सांडतं. बघणाऱ्याला वाटतं यंत्र गळतंय. खरं तर ते आपलं काम करतंय. मला हे डिझाइन मनापासून आवडतं, कारण ते बिघडलं तरी लपवत नाही, सगळ्यांसमोर चिखल करतं.

पण व्हॉल्व्हमध्ये रबर असतं, स्प्रिंग असते, आणि वाळूचा एक कण अडकला तरी झडप पूर्ण बसत नाही. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी व्यावसायिक इमारतींत दरवर्षी प्रमाणित टेस्टर येतो, यंत्रावरच्या चार छोट्या तोट्यांना गेज जोडतो आणि प्रत्येक झडप वेगळी तपासतो. लॉस एंजलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात तर १९४४ मध्ये क्रॉस कनेक्शनच्या अभ्यासासाठी वेगळी संस्था सुरू झाली. ऑफिसमध्ये कोणी विचारतं ना, 'चालतंय तर टेस्ट कशाला?', तेव्हा मला तो वाळूचा कण आठवतो.

आपल्याकडे तर बहुतेक गावा-शहरांत पाणी चोवीस तास नसतं. तास-दोन तास येतं, मग लाइन रिकामी. त्यात कोणी थेट लाइनवर मोटर लावून पाणी ओढतं. हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला माहितीये.

हा भाग लिहिताना एका रविवारी मी आमच्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण वॉचमन काकांकडून उघडून घेतलं. पालिकेच्या पाइपला पुढे एक जास्तीचा तुकडा जोडलेला होता, त्याचं तोंड पाण्यात पार बुडालेलं. का, म्हणून विचारलं. पहाटे पाणी पडायचा आवाज होतो, तळमजल्यावरच्या आजोबांची झोप मोडते, म्हणून कधीतरी लावून घेतला होता. प्लंबर आला, पाच मिनिटांत तुकडा कापला. आजोबा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.