अस्सल आणि असील

मराठीतला ‘अस्सल’ हा शब्द आणि ‘असील’ हे कोंबडीच्या जातीचे नाव एकाच अरबी मुळाचे. असील म्हणजे शुद्ध कुळीचा. उंच मान, अंगालगत घट्ट पिसे, आखूड तुरा आणि रुंद छातीचा हा झुंजीचा कोंबडा आज मुख्यतः आंध्र, छत्तीसगड, ओडिशा या पट्ट्यात सांभाळला जातो. त्याचा अर्धा इतिहास मात्र परदेशात घडला.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी असील मायदेशी नेले. कॉर्नवॉलमध्ये असील, मलय आणि इंग्रजी झुंजकोंबड्यांच्या संकरातून जी जात निघाली, तिला तिकडे ‘इंडियन गेम’ म्हणत. झुंजीला ती जड पडली, पण छातीवर मांस भरपूर. अमेरिकेत तिचे नाव ‘कॉर्निश’ झाले आणि ‘इंडियन’ गळून पडले. १९४८ साली तिथल्या ‘चिकन ऑफ टुमॉरो’ स्पर्धेत कॉर्निश नर आणि न्यू हॅम्पशायर मादी यांचा संकर पहिला आला. आजच्या ब्रॉयलरच्या पितृवंशात कॉर्निशच आहे. आपण विकत घेतो त्या ब्रॉयलरमध्ये असीलचा वाटा असा येतो, आणि त्याची नोंद कोणत्याच हिशेबात नाही.

दुसरे देणे सह्याद्रीचे. सगळ्या पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या, असे डार्विनने १८६८ च्या ग्रंथात मांडले. ते बहुतांशी खरे ठरले. पण कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे आणि पायांचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आले, हे २००८ साली जनुकीय अभ्यासातून दिसले. हा पक्षी पश्चिम घाटात आजही आरवतो.

व्यापारी वाणांत मात्र मूळ विविधतेचा मोठा हिस्सा हरवला आहे. अंडी जास्त मिळावीत म्हणून त्यांची खुडूक बसण्याची सवयच काढून टाकली गेली. संकरित कोंबडीची पुढची पिढी आईबापांसारखी निघत नाही, म्हणून पिल्ले दरवेळी विकत आणावी लागतात. गावरान कोंबडी स्वतः अंडी उबवते, पिल्ले हिंडवते, उकिरड्यावर पोट भरते. घरातल्या बाईच्या हातात चार पैसे येतात ते यामुळेच.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या यादीत ‘बुसरा’ ही जात आहे. नवापूर, साक्री आणि लगतचा गुजरात हा तिचा मुलूख. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, बाजारही मिळाला. बुसऱ्याच्या वाट्याला ती प्रसिद्धी आली नाही. अशा जातीला धोका कत्तलीपेक्षा सरमिसळीचा अधिक. ‘सुधारित’ नर वाडीत सोडला की काही पिढ्यांत मूळ वाण पुसट होते. असील परदेशी गेला, तरी इथे शिल्लक राहिला. बुसरा मुलखाबाहेर कुठे गेलेलीच नाही. नंदुरबार-धुळ्याच्या आणि लगतच्या गुजरातच्या खुराड्यांतून ती संपली, तर परत आणायला दुसरी जागा नाही.